पुस्तक आवडतं, मग लेखकाला पैसे द्यायचे का?

मंडळी, मला विषय दिला होता तो असा की लेखकाचे विचार घातक असतील तर त्याचं पुस्तक वाचावं का. मी तो जरा बदलून घेतलाय, कारण वाचावं का याचं उत्तर मला अवघड वाटत नाही, वाचा, खुशाल वाचा. मला अडतं ते पुढे. दुकानात जाऊन त्या पुस्तकाचे चारशे-पाचशे रुपये मोजायचे का, आणि त्या माणसाला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं का. आणि मी एकाच लेखकाबद्दल बोलणार आहे, दहा नावं घेतली की नुसती यादी होते आणि आपण घरी जातो.

लेखकाचं नाव ऑर्सन स्कॉट कार्ड. अमेरिकन, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, सायन्स फिक्शन वाचणाऱ्यांना माहीत असेल. 'एन्डर्स गेम' ही त्याची कादंबरी १९८५ ची, ह्यूगो आणि नेब्युला हे सायन्स फिक्शनमधले सगळ्यात मानाचे दोन्ही अवॉर्ड मिळाले, पुढच्याच वर्षी तिचा दुसरा भाग आला, त्यालाही दोन्ही मिळाले. असं लागोपाठ त्याच्या आधी कुणाला जमलं नव्हतं. म्हणजे माणूस लिहितो, यात वादच नाही.

मी ही कादंबरी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर वाचली. रूममेटने पुण्यात फुटपाथवरून आणलेली जुनी कॉपी होती, कव्हर निघालेलं. गोष्ट अशी की एन्डर नावाचा सहा वर्षांचा पोरगा, हुशार, घरात भाऊ छळतो, शाळेत पोरं छळतात, त्याला लष्करवाले उचलून अंतराळातल्या शाळेत नेतात कारण परग्रहावरच्या कीटकांसारख्या जीवांशी युद्ध आहे आणि त्यांना सेनापती हवाय. तिथे सगळं शिक्षण खेळातून. शेवटची परीक्षा म्हणून तो एक खेळ जिंकतो, शत्रूचा अख्खा ग्रह उडवतो, आणि मग मोठी माणसं त्याला सांगतात की बाळा, तो खेळ नव्हता. एक अख्खी जात त्याच्या हातून संपलेली असते. आणि पुढे हा पोरगा काय करतो, तर ज्यांना आपण मारलं त्यांची गोष्ट त्यांच्या बाजूने लिहितो. मी ते वाचून दोन दिवस नीट जेवलो नव्हतो.

माझ्या रूममेटची ती कॉपी पेन्सिलीने भरलेली होती. त्याने ती किती वेळा वाचली होती देव जाणे. एकटा पडलेला, सगळ्यांपेक्षा वेगळा, आणि आतलं कुणाला सांगता न येणारा मुलगा. त्याला त्यात काय दिसत होतं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं, जेव्हा त्याने मला सांगितलं की तो गे आहे.

आता कार्डचं दुसरं लिखाण. १९९० साली त्याने एका मॉर्मन मासिकात लेख लिहिला. त्यात त्याचं म्हणणं होतं की समलैंगिक संबंधांविरुद्धचे कायदे पुस्तकात राहिले पाहिजेत. सापडेल त्याला सरसकट पकडा असं नाही, पण गरज पडेल तेव्हा वापरायचे, म्हणजे उघडपणे तसं जगणाऱ्यांना समाजात बरोबरीचं नागरिक मानलं जाणार नाही हे कळेल. पुढे तो म्हणाला की ते त्या काळच्या परिस्थितीत लिहिलं होतं, ते मी मुद्दाम सांगतो, त्याची बाजू दडवायची नाहीये मला.

पण तो लेख मी वाचला तेव्हा मला अमेरिका आठवलीच नाही, मला आपलं कलम ३७७ आठवलं, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं. आपल्याकडे हे असंच चाललं होतं ना. दिल्ली हायकोर्टाने २ जुलै २००९ ला ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, त्या खंडपीठात मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा होते, आपले सोलापूरचे. आणि ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. त्यात एक मुद्दा असा होता की दीडशे वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर या कलमाखाली खटले झालेत. म्हणजे वापर तर होतच नाही, मग राहिलं तर काय बिघडलं. अहो बिघडतं हे की कायदा नुसता पुस्तकात असला तरी पोलीस त्याच्या नावावर पैसे काढतो, ब्लॅकमेल करणारा पैसे काढतो, आणि घरात बसलेला मुलगा गप्प बसतो. माझा रूममेट गप्प बसला होता. चार वर्षं एका खोलीत राहून मला पत्ता नव्हता. त्या निकालाच्या रात्री त्याचा फोन आला, आम्ही फार बोललो नाही, तो म्हणाला परत गुन्हेगार झालो रे. ते कलम संमतीच्या संबंधांना त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं लागू होतं, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ते तेवढ्यापुरतं रद्द करेपर्यंत.

आता पैशाकडे येतो. नुसतं मत असतं तर मी एवढं बोललोही नसतो. पण २००९ मध्ये कार्ड 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज' नावाच्या संघटनेच्या संचालक मंडळावर गेला आणि २०१३ पर्यंत तिथे होता. ही संघटना समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता मिळू नये म्हणून पैसे जमवून, जाहिराती करून लढत होती. म्हणजे लेखक एका हाताने गोष्ट लिहितोय आणि दुसऱ्या हाताने लोकांचं लग्न अडवणारी संस्था चालवतोय, आणि त्याचं नाव, त्याचं वजन हे पुस्तकानेच दिलंय ना त्याला, माझ्यासारख्या वाचकांनीच दिलंय.

'एन्डर्स गेम'चा सिनेमा अमेरिकेत १ नोव्हेंबर २०१३ ला आला, हॅरिसन फोर्ड वगैरे, मोठं बजेट. 'गीक्स आउट' नावाच्या गटाने सांगितलं की हा सिनेमा बघू नका. स्टुडिओने हात झटकले, म्हणे आमचा त्याच्या मतांशी संबंध नाही. आणि कार्डने काय म्हणावं, तर समलिंगी विवाहाच्या वादात आता तुम्ही जिंकलात, वाद संपला, आता आमच्यासारख्या विरोधकांशी तुम्ही किती सहिष्णुता दाखवता ते बघू. मला हे वाचून राग आला होता, आजही येतो. मी तिकीट काढलं नाही म्हणून कुणाचं तोंड बंद होत नाही. माझ्या खिशातला पैसा माझ्या खिशात राहिला, एवढंच झालं. सहिष्णुतेचा आणि तिकिटाचा संबंध काय.

तेव्हा अशीही बातमी आली होती की सिनेमाच्या कमाईत कार्डचा वाटा नाहीच, त्याचे पैसे आधीच देऊन झालेत. मग बहिष्कार कशाला, असं बरेच जण म्हणाले. पण सिनेमा आला की पुस्तक नव्या कव्हरात दुकानाच्या दर्शनी टेबलावर येतं, आणि त्याची रॉयल्टी लेखकालाच जाते, हे पुस्तकविक्रीतल्या कुणालाही विचारा.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. माझे काका तर हे वाक्य म्हणून विषयच संपवायचे. मला ते मेलेल्या लेखकाच्या बाबतीत बऱ्यापैकी पटतं. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन भयकथालेखक घ्या, भयंकर वर्णद्वेष्टा माणूस, १९३७ ला गेला, त्याची पुस्तकं घेतली तर त्याला दमडी जात नाही. तरी वर्ल्ड फॅन्टसी अवॉर्डची ट्रॉफी म्हणजे त्याचं डोकं असायचं, आणि २०११ ला ते नेडी ओकोराफॉर या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेला मिळालं, जिच्या वर्णाच्या लोकांबद्दल त्या माणसाने घाणेरड्या कविता लिहिल्यात. तिने हे उघड लिहिलं. २०१५ ला ते डोकं बंद झालं. पुस्तकं आहेत तिथेच आहेत, कुणीही वाचावीत. मानाच्या जागेवरून काढलं, बस.

पण जिवंत लेखकाच्या नदीत आपण वरून पाणी सोडत असतो. मूळ शोधायचंच नाही असं मग कसं चालेल. २००८ ला अमेरिकेतल्या लायब्ररीवाल्यांच्या संघटनेने कार्डला किशोर वाचकांसाठीच्या एकंदर कामाबद्दल अवॉर्ड दिलं. मला हे सिनेमापेक्षा जास्त खुपतं. त्या वयाच्या, लायब्ररीत कोपऱ्यात बसणाऱ्या मुलांमध्ये माझ्या रूममेटसारखी किती असतील.

एका ठिकाणी मात्र मी अजून अडखळतो, सांगूनच टाकतो. २०१३ लाच डीसी कॉमिक्सने कार्डकडून सुपरमॅनची एक गोष्ट लिहून घेतली, खूप विरोध झाला, चित्रकार ख्रिस स्प्राउस बाजूला झाला आणि ती गोष्ट बाजूला ठेवली गेली. चित्रकाराने स्वतः बाजूला होणं मला शंभर टक्के मान्य. पण एखाद्याला मतांमुळे काम मिळूच नये, तिथे माझं मन कचरतं, कारण उद्या हेच हत्यार कुणाच्या हातात जाईल आणि कुणावर चालेल हे आपल्याकडे बघितलंय आपण.

आणि कुणीतरी विचारणार आहेच म्हणून, पायरेटेड पीडीएफ हे उत्तर नाही हो. त्यात अनुवादक, दुकानदार सगळेच मरतात. लायब्ररी आहे, जुन्या पुस्तकांचा ठेला आहे, कुणाकडून तरी मागून आणा. मी कार्डचं नवं पुस्तक गेल्या पंधरा वर्षांत विकत घेतलेलं नाही.

माझ्या रूममेटने तो सिनेमा बघितला नाही. पण मी एकदा तावातावाने म्हणालो की ते पुस्तकही आता घरात नको, तर तो चिडला. म्हणाला, त्या माणसाने काय लिहिलंय ते मला कुणी सांगायला नको, ते माझ्याबद्दलच लिहिलंय, पण सतराव्या वर्षी माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, तू माझ्या वतीने ते फेकू नकोस. मी त्यावर काही बोललो नाही, काय बोलणार.

ती कॉपी आता माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात भाचा आला होता, तेरा वर्षांचा, त्याला ती हवी झाली. मी आधी मित्राला फोन केला, पेन्सिलीच्या खुणा तशाच राहू देऊ का विचारायला. तो म्हणाला राहू दे, आणि त्याला लेखकाचंही सांग. मी सांगितलं, कलम ३७७ सकट सगळं. भाच्याने ऐकून घेतलं, पुस्तक बॅगेत टाकलं, अजून परत आणलेलं नाही.