लिलाव लासलगावात, भाव दिल्लीत

[ट्रॅक्टरांच्या रांगा]
लासलगाव, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. उन्हाळ कांद्याच्या ट्रॉल्या लागल्यात. कांद्याचा भाव म्हटलं की देशभर आधी इथल्याच बाजार समितीच्या आवाराचं नाव निघतं.

[लिलाव]
समितीचा माणूस पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका मागे. ट्रॉलीपाशी थांबले की कुणी वरचा थर सारून हात आत घालतो, एखादा कांदा दाबतो, पत्ती चोळून बघतो. बोली चढते आणि मिनिटभरात तुटतेही. भाव पटला नाही तर माल परत न्यायची शेतकऱ्याला मुभा आहे. पण ट्रॅक्टरचं भाडं अंगावर घेऊन आलेला माणूस कितीदा परत जाणार?

[भुईकाटा, मग खळे]
भरली ट्रॉली काट्यावर. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या त्याच्या जागेवर, माल खाली करायचा आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर आणायची. 'वांधा' निघतो तो बहुतेक खळ्यावर: खालचा माल हलका आहे, भाव उतरवा. हा व्यापारी मघाशी हात कोपरापर्यंत घालून बघून गेला होता, तरीही. मग समितीची माणसं मध्ये पडतात, थोडं हे सोडतात, थोडं ते.

उघडा लिलाव, समितीचा काटा, समितीची मध्यस्थी ही घडी राज्याच्या १९६३ च्या पणन कायद्याची. २०१६ साली फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, कांदाही सुटला. माल आवाराबाहेर विकायची मोकळीक मिळाली, आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, तीही खरेदीदाराकडे गेली. तरी ट्रॅक्टर इथेच येतात, कारण एका मालावर चार जणांनी चढाओढ करायची ती इथेच होते.

[जुनी दृश्यं, २०२०]
जून २०२० मध्ये शेतमालाच्या बाजाराबाबत केंद्राचे तीन अध्यादेश आले, पुढे त्यांचे कायदे झाले. त्यातल्या एकाने कांद्याला जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या साठा मर्यादेतून बरंचसं मोकळं केलं. १४ सप्टेंबरला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी हे मोकळं करणारं विधेयक लोकसभेत मंजूर! ऑक्टोबरात साठा मर्यादाही परत आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन.

तिन्ही कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. भांडण बाजार समिती आणि हमीभावावर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण हमीभावाच्या २२ पिकांत कांदा नाही. आणि निर्यातबंदी येते १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातून, ज्याला या सगळ्या सुधारणांत कुणी हात लावला नाही.

[बंद आवार, रिकामे ओटे]
८ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा बंदी. जिल्ह्यातले लिलाव थांबले, भाव पडले.

[कांदा साठवायची चाळ]
मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. प्रत्येक वेळी एक अधिसूचना पुरली. बंदीआधी शेतकऱ्याला मुदत द्यावी, चाळीत अडकलेल्या मालाची भरपाई द्यावी, असं बंधन सरकारवर घालणारं कलम त्या तीन कायद्यांतही नव्हतं.