"तुझ्या आईलाही असंच व्हायचं"

(दृश्य: पोटाशी घट्ट धरलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. खाली शाळेचं दप्तर, न उघडलेलं.)

पाळीचा दुसरा दिवस. पोरगी गुडघे पोटाशी घेऊन कळवळतेय. घरातली मोठी बाई म्हणते, "तुझ्या आईलाही असंच व्हायचं. लग्न झालं की थांबेल."

त्यातलं पहिलं वाक्य हसण्यावारी नेऊ नका.

एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर रुजतो. बीजकोशावर, ओटीपोटात, कधी आतड्यावर. पाळीगणिक तो सुजतो, अवयव एकमेकांना चिकटवतो. बीजकोशात साकळलेल्या काळपट रक्ताच्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. जगभरात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुली हे भोगतात.

पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जाणं बहुतेकींमध्ये घडतं. मग ते मोजक्याच जणींच्या पोटात का रुजतं?

१९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात दिसलं, की हा आजार होण्याचा धोका कुणाला जास्त, कुणाला कमी, या फरकाचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक आहे.

(दृश्य: प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या.)

पण दोषी असं एकच जनुक नाही. २०२३ साली ऑक्सफर्डच्या पुढाकारानं ६० हजारांहून अधिक रुग्णांची तुलना ७ लाखांहून अधिक इतर स्त्रियांशी झाली. जनुकसंचात धोक्याशी निगडित ४२ जागा सापडल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ. बेरीज झाली की पारडं झुकतं. यातले काही बदल अर्धशिशी आणि पाठदुखीशीही जोडलेले आहेत. "हिचं सारखं काहीतरी दुखतंच," हा टोमणा ऐकत आलेल्या प्रत्येकीला हे कुणीतरी सांगायला हवं.

ती माहिती मात्र युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या स्त्रियांची. आपल्या बायका त्यात नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बालस्वास्थ्य संशोधन संस्थेनं ऑक्सफर्डच्या साथीनं भारतीय स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला आहे.

जनुकं तपासून निदान करावं, अशी चाचणी आज दवाखान्यात नाही. विचारणं मात्र हातात आहे. आई, तुला किती दुखायचं? दिवस राहायला त्रास झाला होता? मावशीचं ऑपरेशन कशाचं होतं? मिळालेली उत्तरं डॉक्टरांना सांगा.

आणि आत्यालाही विचारा. हा वारसा वडिलांकडूनही येतो.