आत्याची वही

श्रोतेहो, नमस्कार.

मनाचे डॉक्टर आणि घरातला देव्हारा यांचं नातं काय, असं मला बरेच जण विचारतात. त्यावर मी आत्याची गोष्ट सांगते.

आत्या कराडची. समईत वात लागली की मनाचे श्लोक सुरू. २०५ च्या २०५ तोंडपाठ. आम्ही सुट्टीत गेलो की पाय धुऊन आधी श्लोक, मग पान वाढलं जायचं. आता ती दिवेलागण मालिकांनी घेतली, याचं मला फार वाईट वाटतं. पाठांतरानं मुलांची वाणी स्वच्छ होते हो!

तर काका गेले. झोपेतच गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले. आत्याला पहाटे तीनला जाग यायची, ती यायचीच. जेवण तुटलं. श्लोक मात्र चालू. नातेवाईक म्हणाले, "जप वाढवा." तिनं वाढवला. झोप काही आली नाही. मग तिनं मनाशी धरलं, की आपलीच भक्ती कमी पडते. दुःख होतंच, त्यावर हे आणखी ओझं.

तिला डॉक्टरांची वाट कुणी दाखवली? गावातल्या कीर्तनकार बुवांनी. म्हणाले, "वहिनी, दाढ दुखली तर नुसती रामरक्षा म्हणत बसता का?"

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी शंभर पानी वही आणायला सांगितली. तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, कसं वाटलं. आत्यानं एके दिवशी लिहिलं, "सकाळी चहाला दोन कप काढले. मनात आलं, त्या रात्री मला जाग आली असती तर हे वाचले असते. वाटलं, मीच दोषी."

बाईंनी विचारलं, "हे मनात आलं खरं. पण ते खरं आहे का? जाग यायला काही आवाज तरी झाला होता?"

आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अहो, 'विचारे मना तूचि शोधोनि पाहे'! रोज म्हणते की मी हे."

श्रोतेहो, तीन रकान्यांची ही रीत अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांच्यासारख्या मानसतज्ज्ञांच्या विचारातून आली. एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलं, की प्रसंगाइतकाच, किंबहुना जास्त, त्याविषयीचा आपला विचार आपल्याला छळतो. आणि याचं मूळ जुन्या ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडे आहे, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. आपले समर्थ तर मनाला हाकच मारतात, "मना!" हाक मारायची म्हणजे त्याच्यापासून जरा बाजूला उभं राहावं लागतं. पुन्हा सांगते: मनात आलेला विचार म्हणजे आपण नव्हे. त्याला समोर बसवून विचारता येतं.

पण झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणं नकोसं झालं, तर ती भक्तीतली उणीव समजू नका. कृपा करून नका समजू. तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. आत्याच्या गोळ्या वर्षभरानं डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. श्लोक तिनं एक दिवसही सोडले नाहीत. सोडा असं डॉक्टरांनी कधी म्हटलंही नाही.

जवळपास डॉक्टर नसतील तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही. नंबर लिहून घ्या, १४४१६. सावकाश सांगते: एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.