पीटर पॅन, चाळिशीनंतर

नमस्कार. ‘लहानपणीची पुस्तकं पुन्हा वाचताना’ हा विषय मिळाल्यावर मी यादी करायला बसले. दहाबारा नावं झाली आणि लक्षात आलं, असं केलं तर नुसती नावंच वाचून दाखवावी लागतील. म्हणून आज एकच पुस्तक घेऊन आलेय. जे. एम. बॅरीचं पीटर पॅन, कधीच मोठा न होणाऱ्या मुलाची गोष्ट.

मी ते पहिल्यांदा वाचलं चौथीत, मराठीतल्या एका संक्षिप्त आवृत्तीत. उडणारी मुलं, चाचे, त्यांच्या कप्तानाचा, हूकचा, हात खाल्लेली मगर, तिच्या पोटात टिकटिकणारं घड्याळ. शेवटी मुलं घरी परततात, आईच्या कुशीत शिरतात, संपलं. आम्हाला आणखी एक गंमत होती. डार्लिंग कुटुंबात मुलांना सांभाळायला एक न्यूफाउंडलंड जातीची कुत्री आहे, तिचं नाव नाना. आणि आमच्या घरी नाना म्हणजे माझे आजोबा! ‘नानाने मुलांना आंघोळ घातली’ हे मी त्यांना तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं, तेव्हा थांबले.

मूळ पुस्तक हातात घेतलं ते थेट चाळिशी ओलांडल्यावर, मुलीला वाचून दाखवायचं म्हणून. आधी नाटक आलं, १९०४ साली, लंडनमध्ये. त्याची कादंबरी बॅरीने केली १९११ मध्ये. आणि मी पहिल्याच प्रकरणात अडकले.

डार्लिंगांची पहिली मुलगी वेंडी जन्मलीय. बाप पलंगाच्या कडेवर बसून बायकोचा हात हातात धरून हिशेब मांडतोय, की ही मुलगी आपल्याला परवडेल का! जवळ एक पौंड सतरा शिलिंग आहेत (वीस शिलिंगांचा एक पौंड). कचेरीतली कॉफी बंद केली तर दहा शिलिंग वाचतील. मग खर्चाची बाजू: गालगुंड एक पौंड, म्हणजे लिहायला एक, पण तीस शिलिंगांच्या खाली काही जायचं नाही. गोवर. डांग्या खोकला, धरा पंधरा शिलिंग. मध्येच बायको काही बोलते आणि त्याची बेरीज चुकते. चौथीतल्या मला यात काय कळणार होतं? माझ्या आवृत्तीत तर हे नव्हतंच. आता मात्र वाचताना मला आमचा स्वयंपाकघरातला ओटा दिसला, त्यावर वहीचं मागचं पान, आणि त्यावर डिपॉझिट, डोनेशन, रिक्षा असं लिहिणारे आम्ही दोघं. मुलगी खो खो हसत होती. मलाही हसू आलं, पण जरा उशिरा.

पीटरचंही तेच. लहानपणी तो मला हवा होता. आता वाचलं तर हा मुलगा भयंकर आहे. तो राहतो त्या बेटावरच्या मुलांची संख्या कमीजास्त होते, कारण काही मारली जातात. आणि कुणी मोठं व्हायला लागलं, तर ते नियमाविरुद्ध, म्हणून पीटर त्यांना विरळ करतो. शेतात रोपांची विरळणी करतात ना, तोच शब्द बॅरी वापरतो, आणि पुढच्या वाक्याला लागतो. पुढे वेंडी हूकची आठवण काढते तर पीटर विचारतो, कोण हूक? मारलं की मी विसरून जातो, म्हणतो. त्याची सोबतीण परी टिंकर बेलही त्याला आठवत नाही. मोठं न होणं म्हणजे काहीच साठत नाही, ना दुःख, ना माणसं. बॅरीने हे लपवलेलं नाही. लपवलं ते आपल्या संक्षिप्तवाल्यांनी.

पण त्यांच्यावर फार चिडताही येत नाही. पुस्तकात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक टोळी आहे. तिचं चित्रण आज मोठ्याने वाचवत नाही. मी ती पानं मुलीला न वाचताच उलटली. म्हणजे कात्री मीही चालवलीच.

हे सगळं आलं कुठून? बॅरी स्कॉटलंडमधल्या किरीमूरचा. तो सहा वर्षांचा असताना, १८६७ मध्ये, त्याचा मोठा भाऊ डेव्हिड बर्फावर घसरताना झालेल्या अपघातात गेला. चौदावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. आईने अंथरूण धरलं. बॅरीने पुढे आईवर लिहिलेल्या पुस्तकात एक प्रसंग आहे. तो तिच्या अंधाऱ्या खोलीत जातो. ती विचारते, ‘तू आहेस का?’ त्याला वाटतं, ती गेलेल्यालाच विचारतेय. तो सांगतो, तो नाही गं, नुसता मी आहे. त्याच पुस्तकात तो म्हणतो, मी मोठा झालो तरी डेव्हिड तेरा वर्षांचाच राहिला. आता पीटर कोण, हे मी वेगळं सांगायला नको.

या पुस्तकाचे हक्क बॅरीने १९२९ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. गालगुंडाचा आणि गोवराचा तो हिशेब आठवला की मला हे दान फार नेमकं वाटतं.

आणि शेवटचं प्रकरण, जे मी चौथीत वाचलंच नव्हतं. बरीच वर्षं गेलीत. वेंडी आता आई आहे, शेकोटीजवळ खाली बसून रफू करतेय. खिडकीतून पीटर आत येतो, तसाच, दुधाचे दात असलेला. ती अंग चोरून घेते, होईल तितकी लहान होऊन बसते, त्याला कळू नये म्हणून. माझा आवाज इथे बसला. मुलगी म्हणाली, ‘आई, पाणी पी.’

मग तिने विचारलं, ‘आणि नाना?’ तेही लिहिलंय. नाना म्हातारपणाने गेली. शेवटी शेवटी तिच्याशी जमवून घेणं अवघड झालं होतं, कारण मुलं सांभाळणं आपल्याशिवाय कुणाला जमत नाही अशी तिची पक्की खात्री होती.

आमचे नाना शेवटच्या वर्षी माझ्या मुलीची दुधाची बाटली कुणाला धरू देत नसत. हात थरथरायचे. अर्धं दूध झबल्यावर सांडायचं. मी बाटली काढून घ्यायला गेले की म्हणायचे, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’