हिवाळ्यातली ओल आणि आपली द्राक्षबाग

बागायतदार बंधूंनो आणि भगिनींनो, नमस्कार.

डिसेंबर उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पाच-सहा अंशांची नोंद झाली की जिल्हाभर तीच चर्चा. पण मागची मोठी नुकसानीची वर्षं आठवा. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, २०१७च्या डिसेंबरात ओखी, २०१९ला दिवाळीच्या आगेमागे क्यार आणि महा. यातल्या एकाही वेळी बाग थंडीनं गेली नाही. ढग आले, हवा कोंदट झाली, पानं तासन्‌तास ओली राहिली आणि घड कुजले. म्हणून आज थंडीपेक्षा ओलीबद्दल जास्त बोलणार आहे.

एरवी आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून गार आणि कोरडा वारा येतो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला किंवा बंगालच्या उपसागराकडून पूर्वेचे वारे वाहू लागले की तो वारा अडतो आणि हवेत बाष्प भरतं. वीस अंशांची एक घनमीटर हवा साधारण १७ ग्रॅम बाष्प धरू शकते. तीच हवा दहा अंशांपर्यंत निवली तर तिच्यात जेमतेम साडेनऊ ग्रॅम मावतं. उरलेलं बाष्प धुकं होतं, नाहीतर दव होऊन पानावर बसतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं तो दवबिंदू. माझ्या मते बागायतदारानं रोज संध्याकाळी वहीत लिहावा असा एकच आकडा असेल तर तो हा.

तो काढायला महागडं हवामान केंद्र लागत नाही. सारखे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळा आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही थर्मामीटर वेलीच्या सावलीत, घडाच्या उंचीवर टांगा, पत्र्याच्या भिंतीला लावू नका. संध्याकाळी सातला पुठ्ठ्यानं दोन-तीन मिनिटं वारा घाला आणि वाचा. कोरडा २० आणि ओला १६ दाखवत असेल तर आर्द्रता साधारण ६६ टक्के आणि दवबिंदू साडेतेराच्या आसपास येतो. कोरडा २२ आणि ओला २० असेल तर आर्द्रता ८३ टक्के, दवबिंदू १९. आर्द्रता तक्त्यावरून कळली पण दवबिंदूचा तक्ता हाताशी नसला, तर ती शंभराला जितकी कमी असेल त्याला पाचनं भागा आणि कोरड्या तापमानातून वजा करा. पन्नास टक्क्यांच्या वर हा हिशेब कामापुरता बरोबर येतो. चूक होते ती वातीमुळे. वात मळली किंवा तिच्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार चढले की ती पाणी नीट ओढत नाही, ओला थर्मामीटर कोरड्यासारखं वागतो आणि आर्द्रता खोटी जास्त दिसते. आठवड्याला वात बदला आणि बाटलीत फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी ठेवा.

आता हा आकडा रात्रीच्या किमान तापमानाच्या अंदाजाशी ताडून बघा. दवबिंदू १६ आहे आणि पहाटे १२ अंश होणार आहे, तर मध्यरात्रीनंतर दव पडणारच. आणखी एक गोष्ट. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे फेकतं आणि भोवतीच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार होतं. त्यामुळे हवेचा पारा १८ वर असतानाच पान ओलं झालेलं सापडतं. धुई उठायला सकाळचे नऊ वाजले तर पान आठ-नऊ तास ओलं राहिलं, असं धरा.

एवढ्या तासांत पानावर काय घडतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. डावणीच्या (डाउनी मिल्ड्यू) रोगाला बीजाणू तयार करायला अंधार लागतो, ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, सलग चारेक तास लागतात आणि तापमान साधारण १३ अंशांच्या वर लागतं. पानाच्या खालच्या बाजूला जो पांढरा कापूस दिसतो तो हाच. हे बीजाणू दुसऱ्या ओल्या पानावर पडले की फुटतात आणि त्यातून पाण्यात पोहणारी सूक्ष्म पिल्लं बाहेर येतात. ती पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. २० ते २५ अंशांना या कामाला दोन-तीन तासांची ओल पुरते. गारव्यात वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. तेलकट डाग दिसतो तो पाच-सात दिवसांनी. म्हणून सात अंशांची कोरडी, कडाक्याची रात्र डावणीच्या दृष्टीनं सुरक्षित, तर सोळा अंशांची ढगाळ, उबदार रात्र धोक्याची. थंडी कमी झाली म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमके तिथेच फसतो.

डाग डावणीचाच आहे की नाही, ही शंका असेल तर फवारणीवर पैसे घालण्याआधी पिशवी लावून बघा. संशयित पाच-सहा पानं तोडा. पॉलिथिनच्या पिशवीत ओल्या कापसाचा बोळा ठेवून त्यात ती पानं घाला, तोंड बांधा आणि घरात उबदार, अंधाऱ्या जागी रात्रभर ठेवा. सकाळी डागाच्या बरोबर खालच्या बाजूला पांढरी बुरशी उगवली असेल तर डावणी जिवंत आहे. डाग तपकिरी आणि कोरडा राहिला, खाली काहीच उगवलं नाही, तर तो जुना, मेलेला डाग. त्यासाठी आंतरप्रवाही (पानात शिरून काम करणारं) औषध मारण्यात अर्थ नाही.

औषधापेक्षा आधी ओलीचे तास कमी करा. काडीची विरळणी, बगलफुटी (काडीच्या बाजूचे फुटवे) काढणं, घडाखालची तीन-चार पानं काढणं, ही कामं फुलोऱ्याच्या आधी उरकलेली हवीत. दुपारी बारा वाजता मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. उन्हाचे कवडसे पडत नसतील तर कॅनॉपी, म्हणजे पानांचं छत, दाट आहे. पावसानंतर किंवा जड दवानंतर ब्लोअर औषधाविना नुसत्या हवेवर फिरवला किंवा तारा हलवल्या की पाणी खाली पडतं आणि पान तास-दीड तास लवकर सुकतं. दोडा (फुलण्याआधीचा कोवळा घड) आणि फुलोरा या अवस्थेत हे काम फार मोलाचं आहे, कारण गळकूज (घड कुजून फुलं-मणी गळणं) तिथेच होते. मात्र पानाखाली पांढरी बुरशी दिसत असेल तर ब्लोअर फिरवू नका, बीजाणू सगळ्या बागेत पसरतील. आधी औषध घ्या.

फवारणीची वेळ दव वाळल्यावरची, म्हणजे साडेआठ-नऊनंतरची. ओल्या पानावर मारलेलं औषध पातळ होऊन टोकाशी गळतं. संध्याकाळी उशिरा मारलं तर आपणच पान रात्रभर ओलं ठेवतो. चार-साडेचारच्या आत संपवा. मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारं) औषध रोग आत शिरायच्या आधी पानावर असेल तरच उपयोगी, आत शिरलेल्याला ते काही करत नाही. सततच्या रिपरिपीत ट्रॅक्टर बागेत जात नसेल तर धुरळणीचा, म्हणजे औषधाची कोरडी भुकटी उडवण्याचा, मार्ग आहे. काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले दिवस) मात्र राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतूनच बघा. दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर निर्यातीचा कंटेनर लावू नका.

भुरीचं (पावडरी मिल्ड्यू रोगाचं) गणित याच्या उलट आहे. तिला पानावर पाणी नकोच असतं. ढगाळ, मंद उजेड आणि २० ते २७ अंश एवढं तिला पुरतं. पाऊस थांबला, ढग राहिले, डावणी आटोक्यात आली असं वाटतं आणि आठवड्यात मण्यांवर राखाडी भुकटी दिसते. भुरीसाठी गंधक मारताना पारा बघा. १८ अंशांच्या खाली त्याची वाफ नीट होत नाही आणि गुण येत नाही. ३२च्या वर गेलं की मणी भाजतात. प्लास्टिक आच्छादनाखालच्या बागेत पाऊस आणि दव अडतं, डावणी खूप कमी होते, पण भुरी वाढते. तिथे बाजू उघड्या ठेवा आणि आठवड्याला पानं उलटून पाहा.

आता भागाभागातला फरक. सटाणा, कळवण, देवळा पट्ट्यात अर्ली (लवकरच्या) छाटणीचा माल डिसेंबरात पाणी उतरलेला, म्हणजे मणी मऊ पडून गोडीवर आलेला असतो. निफाड, दिंडोरीत त्याच दिवशी बाग सेटिंग (मणी धरण्याच्या अवस्थेत) किंवा फुगवणीत असते. त्यामुळे एकाच पावसाचा इलाज दोन्हीकडे सारखा नसतो. अर्ली बागेत प्रश्न तडकण्याचा. हवा दमट असली की पानातून पाणी उडत नाही, मुळं मात्र ओढत राहतात. मण्यात दाब वाढतो, वरून सालही पाणी पिते आणि बऱ्याचदा देठाजवळ चीर जाते. पावसाचा अंदाज आला की ठिबक बंद करा. बाग आठ दिवस तहानेली ठेवून एकदम भरपूर पाणी देणं तर कधीच नको, रोज थोडं द्या. तडकलेले मणी त्याच दिवशी कात्रीनं काढा, एक मणी आंबला की शेजारचे चार जातात. तोडणी दव पूर्ण वाळल्यावर, दहा-अकराला सुरू करा. ओला घड पेटीत गेला तर ग्रेप गार्डमधला (पेटीत द्राक्षांवर ठेवायच्या कागदातला) गंधकवायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात.

निफाडकडे बघा. गोदावरी आणि कादवा यांच्या खोलगट पट्ट्यात, खाली नांदूरमधमेश्वरपर्यंत, गार हवा पाण्यासारखी वाहत येऊन साचते. शेताच्या उताराच्या बाजूला दाट कुंपण किंवा शेडनेट असेल तर ती तिथेच तुंबते. खालची बाजू मोकळी ठेवा. थंडीच्या लाटेत पहाटे तीन-चारपासून ठिबक चालवा. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं आणि ओली, तणविरहित जमीन दिवसाची ऊब रात्री परत देते. पण पाणी उतरलेल्या बागेत हेच पाणी तडकणं वाढवतं, तिथे मोजकंच द्या. शेकोट्या लहान आणि जास्त करा. एकच मोठा जाळ गरम हवा सरळ वर नेतो आणि बाजूनं गार हवा आत ओढतो. धुरामुळे ऊब टिकते हा समज सोडा, काम निखारा करतो. ओला पालापाचोळा जाळून नुसता धूर केला तर बागेला काही मिळत नाही, गावाला खोकला मिळतो.

थॉमसन जातीच्या द्राक्षात दिवस तिशीत आणि रात्र आठ-दहावर, अशी दरी पाणी उतरताना पडली की पिंक बेरी येते, म्हणजे मणी गुलाबी पडतात. त्यासाठी घडाला पेपर लावायचा तो पाणी उतरायच्या आधी. एकदा मण्यावर गुलाबी झाक आली की ती जात नाही. पेपर लावण्यापूर्वी घड कोरडा आणि भुरीमुक्त आहे ना, हे पाहा, आत नंतर दिसणार नाही.

सांगली-तासगावकडे, पंढरपूरकडे थंडी एवढी नसते. तिथे ओलीचा मार बेदाण्याच्या शेडवर पडतो. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेला माल सावलीत पंधरा-वीस दिवसांत सुकतो. मध्येच दमट हवा आली की सुकणं लांबतं, माल काळपट पडतो आणि बुरशी धरतो. अशा वेळी जाळीवर थर पातळ ठेवा, रात्री बाजूचे पडदे सोडा, दिवसा वारा खेळू द्या.

आपल्यापैकी निम्म्यांच्या शेतात कांदाही आहे, म्हणून तेवढं सांगतो. धुई सकाळी दहापर्यंत टिकली की पातीवर जांभळा करपा येतो. पाती मेणचट असल्यानं द्रावणात स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रव्य) नसेल तर औषधाचे थेंब घरंगळून जातात. रांगड्या (खरीप-रब्बीच्या मधल्या) कांद्यात लांबलेल्या थंडीनं डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात. डेंगळा वर दिसला म्हणजे आत गाभा आधीच कडक झालेला असतो. तो मोडून कांदा पुन्हा भरत नाही. असा माल वेगळा काढून लगेच विकावा, साठवणीच्या चाळीत भरू नये.