चालणार ते, पैसे आपण का द्यायचे?

(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या व्याख्यानाचं शीर्षक माझं नाही. ते गंजगोलाईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचं आहे. ऑक्टोबरातला रविवार होता. सकाळी गुलाबी टोप्या घातलेली दोनेकशे माणसं चालत आली, पुढे बॅनर, मागे पोलिसांची जीप. मेथीच्या जुड्या बांधता बांधता मावशींनी विचारलं, "सर, हे कशाला हिंडायलेत?" म्हटलं, कॅन्सरसाठी पैसे जमवायलेत. "कुणाकडून?" आपल्याकडून. मावशींचा हात थांबला. "चालणार ते, अन् पैसे आपण का द्यायचे?"

मी ३४ वर्षं गणित शिकवलं. मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन ही पद्धत आली कुठून ते शोधत बसलो. अशा उपक्रमांत सगळ्यात मोठं नाव कॅनडाच्या टेरी फॉक्सचं. १९७७ साली, वयाच्या १८व्या वर्षी, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर. मागणं एवढंच, की कॅनडातल्या प्रत्येक माणसानं एक डॉलर द्यावा. सुरुवातीला कुणी फारसं ओळखतही नव्हतं. पण वाटेत पोर्ट ओ बास्क नावाचं १०,००० वस्तीचं गाव लागलं आणि त्या गावानं १०,००० डॉलर त्याच्या झोळीत टाकले. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसात पोचल्यानं त्याला थांबावं लागलं. पुढच्या फेब्रुवारीत निधी २.४ कोटी डॉलरच्या वर गेला. माणशी एक डॉलर पुरा झाला. जूनमध्ये तो गेला, २२ वर्षांचा.

त्याला मावशींचा प्रश्न विचारायची गरज कुणाला पडली नसावी. तो स्वतः काय मोजतोय ते रस्त्यावर दिसत होतं. आपल्या नावावर धंदा करू पाहणाऱ्या कंपन्यांना त्यानं दारात उभं केलं नाही, हेही लोकांनी पाहिलं होतं.

अमेरिकेत पुढे स्तनांच्या कॅन्सरसाठी तीन दिवसांच्या पदयात्रा निघाल्या. अंतर ६० मैल, म्हणजे आपले ९६ किलोमीटर. त्यातल्या एका मोठ्या यात्रेत प्रत्येक चालणाऱ्यानं किमान २,३०० डॉलर जमवून आणायचे असा नियम. ते आणायचे कुठून? मामा, मावशी, शेजारी, ऑफिसातली माणसं. मला हे वाचताना आपला आहेर आठवला. मामा संस्थेला पैसे देत नाही, भाचीला देतो. भाची तीन दिवस पाय सुजवून घेणार आहे, तिची आई त्याच आजारानं गेलीय, हे त्याला ठाऊक असतं. आपल्याकडे टोप्या आल्या, बॅनर आलं, हे नातं तेवढं तिकडंच राहिलं. त्याच्या जागी आलाय क्यूआर कोड.

आता आपल्याकडच्या चालण्याकडे या. मराठवाड्याला चालणं कुणी शिकवायला नको. दिंड्या पंढरपूरला जातात, नवरात्रात माणसं अनवाणी तुळजापूरला जातात. पण तिथं हिशेब उलटा आहे बरं का. चालणारा मागत नाही. ज्याला चालता येत नाही तो रस्त्याच्या कडेला पिठलं-भाकरी घेऊन उभा राहतो, वारकऱ्याचे पाय चेपतो आणि वर "आमच्याही वतीनं दर्शन घ्या" म्हणतो. १९७९ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, तोही चालणंच होतं. त्या चालण्यात मागणी होती, आणि मागणी सरकारकडे होती. नवस किंवा हक्क, ही चालण्याची दोन कारणं इथल्या माणसाच्या अंगात मुरलेली आहेत. वर्गणीसाठी चालणं यातलं कुठलंच नाही, म्हणून ते त्याच्या डोक्यात बसत नाही.

शिवाय गोलाईतली ही पदयात्रा होती दोन किलोमीटरची! ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आसपासच्या गावांतल्या बाईला दोन किलोमीटरचं कौतुक काय सांगता? तिच्या डोक्यावर हंडा असतो आणि तिचा फोटो कुणी काढत नाही.

यावरून कुणी म्हणेल, आपल्या लोकांना द्यायला नको असतं. हे मला साफ नामंजूर आहे.

माझ्या बायकोला गाठ निघाली तेव्हा आमच्या गल्लीत कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही. "मोठं दुखणं" म्हणायचे, नाहीतर नुसतं "टाटाला नेलंय". त्या रात्री मुंबईच्या गाडीला सोडायला अकरा माणसं स्टेशनवर आली होती. प्रत्येकानं निघताना हातात काहीतरी कोंबलं. कुणी पाचशे, कुणी शंभर. किराणा दुकानदारानं तर चुरगळलेल्या दहाच्या नोटांचं बंडल दिलं, गल्ल्यात होतं तेवढं. "राहू द्या औषधपाण्याला." कुणी वही काढली नाही, कुणी पावती मागितली नाही. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलो तर तिथं परभणी, बीड, नांदेड, सगळा मराठवाडाच भेटला. एकजण डब्यातली चटणी वाटत होता, दुसरा परेलला कुठल्या खिडकीवर आधी जायचं ते सांगत होता. ही मदत मोजायची झाली तर कुठल्या रकान्यात घालाल?

वर्षभरानं एक संस्था घरी आली. नाव सांगत नाही, त्यांनी चांगलंही काम केलं असेल. त्यांना आमच्या हिचा फोटो हवा होता. केस अजून आले नव्हते, डोक्याला रुमाल होता, तसाच. आम्ही भिडेखातर हो म्हणालो. पुढच्या महिन्यात तो फोटो चौकात दहा फुटी बॅनरवर लागला. खाली सात पुढाऱ्यांचे चेहरे, सगळे हसतायत. ती आठवडाभर त्या चौकातून गेली नाही. आज ती बरी आहे, पण या सभागृहात नाही. गर्दी तिला नको वाटते.

किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानं आपल्या दोन जिल्ह्यांना घेण्याचा अनुभव दिलेला आहे. ज्यानं घेतलंय त्याला देणाऱ्याचा कॅमेरा पटकन ओळखू येतो. मावशींच्या प्रश्नात कंजूषपणा नाही, ही ओळख आहे.

संशयाला वाटही आहे, आणि ती फार जणांना माहीत नाही. गणेश मंडळं वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात ना, ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली. नोंदणी नसलेल्या कुणीही धर्मादाय कामासाठी पैसे गोळा केले तर त्याला हेच कलम लागतं आणि हिशेबही द्यावा लागतो. म्हणजे टोपी देणाऱ्याला विचारा, नोंदणी क्रमांक काय? पावती देता का? विचारायला लाजू नका. उत्तर देणारा चिडला तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

पण एक गोष्ट चालणाऱ्यांच्या बाजूनं. "अर्धे पैसे टोप्यांतच गेले असतील" हे आपण फार सहज बोलतो. अमेरिकेत त्या तीन दिवसांच्या यात्रा सुरू करणाऱ्या डॅन पॅलोटाच्या कंपनीवर खर्चावरूनच टीका झाली आणि २००२ साली ती बंद पडली. त्याचं म्हणणं असं, की खर्च किती टक्के ते बघू नका, शेवटी रुग्णापर्यंत किती पोचलं ते बघा. मला ते निम्मं पटतं. निम्मं यासाठी, की शेवटी किती पोचलं हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही.

पोचणं म्हणजे काय, याचं उदाहरण लांब नाही. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. परेलचं टाटा आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. बायकांचे चार गट केले. एका गटाची, हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, आयुष्यात एकदाच. एका गटाची तपासणीच नव्हती, त्यावरून पुढे टीकाही झाली आणि ती मला रास्त वाटते. २००९ साली निष्कर्ष छापून आले. विनातपासणी गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या, एचपीव्ही गटात ३४. दोन्ही गट साधारण सारखे, तीस-पस्तीस हजारांचे. जवळजवळ निम्मे मृत्यू एका तपासणीनं टळले. पैसा परदेशी होता, खरं आहे. पण आपल्याच भागातल्या त्या हजारो बाया घर, शेत, सासू, लाज सगळं बाजूला सारून तपासणीच्या जागेपर्यंत आल्या. माझ्या हिशेबी मराठवाड्यातली कॅन्सरसाठीची सगळ्यात मोठी पदयात्रा तीच. तिला ना टोपी होती, ना बॅनर.

म्हणून यंदा मी आयोजकांकडे गेलो. म्हटलं, गोलाईत येऊन फोटो काढण्याऐवजी सरकारी दवाखान्याच्या दारात थांबा, चालणाऱ्या बायकांनी स्वतः आधी तपासणी करून घ्या, मग वर्गणी मागा. ते म्हणाले, "सर, रविवारी ओपीडी बंद असते." मग सोमवारी चाला. "सोमवारी लोकांना सुट्टी नसते, सर."

परतताना मावशींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी येईन की सोमवारी, माळवं दुपारनंतरच येतंय." मी खूश होऊन निघालो, तर मागून हाक आली. "सर, पण आत नेऊन नेमकं काय करतेत, ते आधी तुमच्या मालकिणीला विचारून सांगा."