दोर कुठं बांधायचा?

नमस्कार श्रोतेहो. पाऊस लागला की आपल्या कोल्हापुरातून पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर रीघ लागते. चिखल, जळवा, निसरडे दगड तुडवत पोरं हसत चालतात. त्यातलीच काही पुढं हिमालयात जातात. आज बोलतोय ते त्यांच्यासाठी, आणि त्यांना एसटी स्टँडवर निरोप देणाऱ्या आईवडिलांसाठीही. सगळे शिखराबद्दल विचारतात. मला काळजी वाटते ती शिखराच्या पायथ्यापर्यंत नेणाऱ्या हिमनदीची.

गंगोत्रीची हिमनदी सुमारे 30 किलोमीटर लांब आहे. गोमुखाहून 6543 मीटर उंचीच्या शिवलिंग शिखराकडे निघालात की आधी बर्फ दिसतच नाही, नुसते दगडधोंडे. बर्फ त्यांच्याखाली. पाय ठेवला की धोंडा सरकतो. तरी उघडा बर्फ परवडला, त्यातली भेग डोळ्यांना दिसते. खरी भीती पांढऱ्याशुभ्र सपाटीची. हिमनदी वाहत असते. खालचा उतार बदलला की वरचा ठिसूळ थर तडकतो, खोल भेगा पडतात आणि ताज्या बर्फाचं झाकण त्यांच्यावर बसतं.

म्हणून जिथं दोराची गरजच नाही असं वाटतं, तिथंच तो सगळ्यांच्या कमरेला बांधायचा. दोघांत दहा-बारा मीटर अंतर, दोर बर्फाला जेमतेम टेकलेला, हातात वेटोळी नकोत. भेगांच्या रेषेला आडवं चालायचं, नाहीतर दोरावरचे सगळेच एकाच भेगेवर उभे. पुढचा गडी आइस अ‍ॅक्सचा, म्हणजे बर्फातल्या कुदळीचा, दांडा खुपसत जातो. एकसारखा जोर लागतोय तोवर ठीक. दांडा एकदम सुळकन आत गेला, की पाऊल मागं.

निघायचं मध्यरात्रीनंतर. थंडीनं झाकण घट्ट राहतं, उन्हानं ढिलं पडतं.

पण दोरानं सगळं टळत नाही. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर, खुंबूच्या हिमप्रपातात, म्हणजे हिमनदी उतारावर फुटून बर्फाचे कडे होतात तिथं, सकाळी वरून बर्फ कोसळला आणि 16 नेपाळी कामगार गेले, बहुतेक शेर्पा. शिखरापासून कितीतरी खाली, दुसऱ्यांच्या मोहिमांसाठी राबताना. त्यांची आठवण काढल्याशिवाय मला या विषयावर बोलवत नाही. लटकत्या हिमकड्याखाली विसावा नको, फोटो नको. झपाट्यानं पार व्हायचं.

यंदा जाणार असाल, तर आधी एक करा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली भक्कम फांदीला दोर बांधा, पाठीवर भरलेली सॅक घ्या, हातात मोजे घाला आणि प्रुसिकच्या, म्हणजे बारीक दोरीनं दोराभोवती मारलेल्या आणि भार पडला की आवळणाऱ्या, गाठींवर लटकून वर चढा. भेगेत पडलात तर असंच बाहेर यायचं असतं. जमेपर्यंत रिझर्व्हेशन करू नका.